पाच रायफली आणि बिस्किटांचा डबा

टुआटापेरे,
रविवार, २० फेब्रुवारी १९९४

ति. नेटाताईस,
धाकट्या एफीचा शि. सा. न.

पत्र लांबलं म्हणून रागावू नकोस. बोटं सुजली होती, लाल कोंबडी खुडूक बसली होती आणि घरातलं एकुलतं एक चालू पेन कर्स्टीच्या दप्तरात होतं. आता पेन सापडलंय. कोंबडीचं विचारू नकोस.

तर बातमी ही, की आपल्या नातीला, कर्स्टीला, बंदुकीचा परवाना मिळाला! सोळा पूर्ण झाली त्याच दिवशी पोरीने फॉर्म नेऊन दिला. परीक्षेत तीसपैकी तीस. मला आयुष्यात कशातच तीसपैकी तीस मिळाले नाहीत, गाईंनीसुद्धा कधी दिले नाहीत. मग कॉन्स्टेबल घरी आला, मुलगी कशी आहे ते विचारायला. आईबाप बिचारे डेअरीवर पहाटेपासून राबतात आणि ही शाळेच्या बससाठी माझ्याकडे राहते, म्हणून मलाच विचारलं. म्हणतो, चिडली की काय करते? मी म्हटलं, लाकडं फोडते. दोन हिवाळ्यांची फोडून रचलीत, बघा हवं तर. तो खरंच मागे जाऊन बघून आला. मग बंदुकीच्या कपाटाचं कुलूप दोनदा ओढलं, चार चीज रोल खाल्ले आणि सही करून गेला.

आणि ऐक. स्टुअर्ट बेटावर शिकारीसाठी जागा मिळावी म्हणून माझ्या वॉटीने एकोणीस वर्षं अर्ज केले. एकदाही चिठ्ठी निघाली नाही. माणूस गेला, पण बेटावर गेला नाही. कर्स्टीने पहिल्यांदा अर्ज केला आणि नाव निघालं! सात मे, शनिवारची बोट. आठवडाभर. हुकली तर हुकली, पुढे ढकलत नाहीत. बरोबर माझा धाकटा रॉस जाणार आहे. पण त्याची अट माहीत आहे ना तुला? स्वतःच्या रायफलीने कुरणात तीस गोळ्या निशाणावर मारल्याशिवाय तो कुणाला बरोबर नेत नाही. उसनी चालत नाही म्हणतो, आणि तसंही त्या दिवसांत इथल्या सगळ्यांच्या रायफली जंगलातच असतात.

दुकानात नव्या रायफलीची किंमत विचारली, तर त्या पोऱ्याने मला खुर्ची आणून दिली. म्हणून विचारते, तुझ्या अ‍ॅलेकने कापून हलक्या केलेल्या त्या जुन्या फौजी थ्री-नॉट-थ्री होत्या, त्यातली एक अजून तुझ्याकडे आहे ना? कर्स्टीने कोकरांच्या शेपट्या कापण्याच्या कामाचे पैसे साठवलेत. ऐंशी डॉलर घे. बहीण आहेस.

फोन करत नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुला पटत नाही.

पायाला फ्लॅनेल गुंडाळत जा, आणि माया आहे ती कमी करू नकोस.
तुझी
एफी


ओअमारू,
१ मार्च १९९४

चि. एफीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तीन ठिकाणी शाई सांडली होती आणि एका ठिकाणी बहुतेक जॅम, पण मजकूर समजला. कर्स्टीचं माझ्याकडून कौतुक कर. तिच्या अंगात आपल्या आईचा हट्ट आहे. तुझा असता तर परीक्षेच्या दिवशी झोपली असती.

हो, पाचांपैकी एक रायफल शिल्लक आहे. अ‍ॅलेक गेल्यावर कॉन्स्टेबलने पाचही रायफली शेजारच्या कॉलिनच्या कपाटात कुलपात ठेवायला लावल्या, कारण परवाना त्याच्याकडे. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारे ते सुटे दांडे, मात्र माझ्याच कोठीत राहिले, शॉर्टब्रेड बिस्किटांच्या डब्यात. अ‍ॅलेकची शिस्त तुला ठाऊक आहे. बंदूक एका घरात आणि बोल्ट दुसऱ्या घरात असेल तर दोन्ही घरं सुखी, असं तो म्हणायचा. चार रायफली मी दोन वर्षांपूर्वी विकल्या. माणूस कॉलिनकडे जाऊन रायफल बघायचा, मग माझ्याकडे येऊन चहा घ्यायचा, आणि मी त्याला बोल्ट द्यायचे. कुणाची तक्रार नाही. अ‍ॅलेकने प्रत्येक बोल्टला तेलकट चिठ्ठी बांधली होती. तिचा वास माझ्या पिठाला लागत होता. मी त्या काढून टाकल्या आणि बोल्ट सोड्यात उकळून लख्ख केले. अजून चमकतात.

ऐंशी नाही, एकशे वीस. बहीण आहे म्हणून दीडशे म्हणाले नाही.

रायफल कॉलिनचा मेहुणा मेंढ्यांच्या बाजाराला तिकडे येईल तेव्हा रॉसकडे देईल. त्याच्याकडेही परवाना आहे. बोल्ट मी वेगळा, पोस्टाने पाठवते.

तब्येतीला जप, आणि पत्र टेबलावर बसून लिहीत जा.
आशीर्वादासह,
नेटा


टुआटापेरे,
२४ मार्च १९९४

ति. नेटाताईस,
एफीचा शि. सा. न.

रायफल आली! अगं, काय देखणी! अ‍ॅलेकचा हात वेगळाच होता. पुढचं लाकूड इतकं बारीक आणि गुळगुळीत की मला वाटलं ह्याने ते वितळवलं. कर्स्टी तर खुर्चीत बसून नुसती बघत होती. मी म्हटलं, पोरी, जेव. ती म्हणते, आजी, हिचं वजन बघ. मी उचलली. वजन भरलेल्या किटलीएवढं, बरं का, पण किटलीपेक्षा जास्त इज्जत असलेलं.

बोल्टही आला, लोकरी मोज्यात गुंडाळलेला. मोजे कर्स्टीने ठेवून घेतले.

पण ताई, एक घोटाळा आहे. रॉस म्हणाला जुनी वस्तू आहे, आधी दाखवून घ्यावी. म्हणून इन्व्हरकार्गिलला बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि रायफलीवरचा आकडा वाचला. चष्मा खाली घेतला आणि बोल्टवरचा आकडा वाचला. मग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी दुसऱ्याच्या नवऱ्याबरोबर चर्चला आलेय. म्हणाला, बाई, हे दोघं एकमेकांचे नाहीत. मग पोलादाचं एक छोटंसं माप आत घालून बोल्ट लावला. ते माप घातल्यावर बोल्ट अडायला हवा म्हणे. आमचा गुपचूप बसला. म्हणजे काडतुसाच्या मागे फट राहते. गोळी सुटली की मागचा भडका उडवणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. त्याने रायफल एका कोपऱ्यात ठेवली आणि बोल्ट दुसऱ्यात, भांडण झालेल्या पोरांना ठेवतात तसं. नवा बोल्ट बसवायचा तर रायफलीच्या दुप्पट खर्च. म्हणाला, हिचा स्वतःचा शोधा.

कर्स्टीने घरी येऊन लाकडं फोडली. तिसऱ्या हिवाळ्याची.

ताई, तुझ्या डब्यात अजून एखादा आहे का गं? नीट बघ. बटणांच्या डब्यातसुद्धा.

मी इथे जीव मुठीत धरून बसलेय. उत्तर लगेच टाक.
तुझी
एफी


ओअमारू,
२९ मार्च १९९४

चि. एफीस,
अ. आ.

तुझ्या त्या म्हाताऱ्याला सांग की त्याने चष्मा बदलावा. माझ्या हातून चुकीची वस्तू जाणं शक्य नाही. मी एकतीस वर्षं पोस्टात काम केलंय आणि एकही पार्सल चुकीच्या दारी गेलेलं नाही. डब्यात पाच बोल्ट होते, पाच रायफली होत्या. चार गेले, उरला तो तुमचा. पाचातून चार गेले की एक उरतो. एवढं तर तुलाही येतं.

(दोन तासांनंतर.)

एफी, मी कॉलिनकडे जाऊन आले. वहीत त्याने पाचही रायफलींचे आकडे लिहून ठेवले आहेत. तो म्हणाला, नेटाबाई, प्रत्येक बोल्टवर तोच आकडा असतो, तुम्ही जुळवून दिलेत ना? मी म्हटलं, अर्थातच. मग मी घरी आले आणि बसले.

मी जुळवून दिलेले नाहीत. मला वाटायचं तो कारखान्याचा आकडा असेल, शिवणयंत्राखाली असतो तसा. माणूस आला की डब्यात जो वर असेल तो बोल्ट मी उचलायचे, आल्याच्या केकच्या कागदात गुंडाळायचे आणि केकचा एक तुकडाही द्यायचे. त्या चिठ्ठ्या अ‍ॅलेकने ह्यासाठीच बांधल्या होत्या. मी त्या चुलीत घातल्या.

ह्या गावात चार माणसं दोन वर्षं कुणाच्या कुणाच्या बोल्टने गोळ्या मारत हिंडतायत, आणि त्यांना तो मी दिला आहे. माझ्या हातून कुणाचा डोळा गेला तर? चौघांनाही आज फोन केला. माझं ओरडणं त्यांना ऐकू आलं. त्यांचं उत्तर मला नाही.

हे कुणाला सांगू नकोस.
नेटा


टुआटापेरे,
४ एप्रिल १९९४

ति. नेटाताईस,
एफीचा शि. सा. न.

मी हसले. खोटं कशाला सांगू, इतकी हसले की कोंबड्या अंगणातून पळाल्या. पार्सल! एकतीस वर्षं! मग तुझा तो डोळ्याचा प्रश्न परत वाचला आणि हसू थांबलं. तू चौघांना फोन केलास हे फार चांगलं केलंस. आता रडत बसू नकोस. तुझं रडणं मला इथे आवडत नाही.

इथलं ऐक. परवा कर्स्टीच्या कोटात दोन काडतुसं सापडली. विचारलं तर म्हणते, आजी, एकच गोळी मारून बघते, दोरी बांधून लांबून, अ‍ॅलेकआजोबांनी इतकी चांगली बनवलीय, काही होणार नाही. तिच्या डोळ्यांत ती बोट होती गं. महिना उरलाय आणि रॉसच्या तीस गोळ्यांतली एकही झालेली नाही. मी म्हटलं, तुझ्या आजोबांना बेट नाही मिळालं, पण दोन्ही डोळे शेवटपर्यंत होते आणि दोन्हींनी ते मलाच बघायचे. मग बोल्ट उचलला तो माझ्या पिशवीत. आता जिथे मी, तिथे बोल्ट. रविवारी चर्चमध्ये भाकरी-माशांचं वाचन ऐन रंगात आलं होतं आणि पिशवी कलंडली. लाकडी जमिनीवर असा खणखणाट झाला की पाद्रीबाबा थांबले. मागची मिसेस ऑग म्हणते, काय पडलं गं? मी म्हटलं, विणकामाच्या यंत्राचा भाग. देवाच्या घरात खोटं बोलायला लावलंस तू मला.

उपाय सांगते. एकेकाच्या दारी जाऊन कबुली देत फिरशील तर तू मरशील. सगळ्यांना एकदमच चहाला बोलाव. नेहमीसारखी प्रत्येकाने आपापली खाऊची बशी आणायची, आणि बशीबरोबर बोल्ट. रायफली घरी. तोंडात पिकलेटचं गोड घावन असताना माणूस फार रागावू शकत नाही, हे मी वॉटीबरोबर त्रेचाळीस वर्षं करून पाहिलंय.

घाई कर. आणि तुझं नाक वरच ठेव, मला ते तसंच आवडतं.
एफी

ता. क. तुझा चुकीचा बोल्ट ह्याच पाकिटात आहे. पाद्रीबाबांना नमस्कार करून निघालाय.


ओअमारू,
१९ एप्रिल १९९४

चि. एफीस,
अ. उ. आ.

शनिवारी चहा झाला. बैठकीत मी आईचा तीन मजली केकचा स्टँड मांडला. वरच्या मजल्यावर तुझ्याकडचा बोल्ट, बाकीचे दोन मजले रिकामे. मेंढपाळ आला, खाटीक आला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो तो आला. सगळे कोट घालून, हातात बश्या. खाटकाने सॉसेज रोल आणले आणि त्यांच्या मध्ये बोल्ट. कॉलिनने वही उघडली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, सोडा, शिवणयंत्र, सगळं. मग ऑर्गनवाला म्हणाला, नेटाबाई, माझा बघा आधी. त्याचा त्याचाच निघाला, निव्वळ नशिबाने. तो इतका खूश झाला, जणू त्याने स्वतः निवडला होता. मेंढपाळ आणि खाटीक ह्यांच्याकडे एकमेकांचे निघाले. मेंढपाळ दोन वर्षं त्याच बोल्टने ससे मारतोय. तो आधी पांढरा पडला, मग त्याने सहा पिकलेट खाल्ले आणि खाटकाला म्हणाला, म्हणजे इतके दिवस चुकत होतो तो तुझ्यामुळे. दोघंही उद्या रायफली तपासून घेणार आहेत. मला वाटलं होतं तोंड फिरवतील. जाताना दोघांनी बश्या धुऊन ठेवल्या.

उरला तो मिस्टर हॅल्डेन. म्हणजे तुमच्या रायफलीचा बोल्ट त्याच्याकडेच, दुसरीकडे असूच शकत नाही. तो आला, फ्रूटकेक घेऊन, पण बोल्ट आणला नाही. तुला तो आठवतो, शेकोटीवर बारा टोकांच्या शिंगांचं हरणाचं डोकं लावलंय तो. ते डोकं अ‍ॅलेकच्या रायफलीने एका गोळीत मिळवलं, हे गावात प्रत्येकाने निदान तीनदा ऐकलंय. तो सगळ्यांसमोर म्हणाला, माझी रायफल उत्तम चालते, तिला हात लावायचा नाही. मी कर्स्टीचं सांगितलं, बोटीचं सांगितलं, धोक्याचं सांगितलं. टोपी घेऊन निघून गेला. मला रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी मागच्या दाराला टकटक. हॅल्डेन. पुढच्या दाराला घंटा असताना हा मागे, कोबीच्या वाफ्यात उभा. खिशातून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. एफी, तो माझाच कागद होता. केकचा. माझीच दुहेरी घडी, माझीच दोरी, माझीच गाठ. दोन वर्षांत ती गाठ सुटलेली नव्हती.

मी गाठीकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. शेवटी तोच म्हणाला, मला तो गोळीचा आवाज सहन होत नाही, नेटाबाई. डोकं लिलावात घेतलं होतं. एकाने विचारलं कसं मारलं, आणि मी सांगत गेलो. मग म्हणाला, पोरीच्या तोंडावर काही आलं असतं तर मला त्या डोक्याखाली बसवलं नसतं.

मी त्याला आत बोलावून चहा दिला. तू हे कुणालाही सांगणार नाहीस. कॉलिनलाही मी सांगितलेलं नाही.

बोल्टवरचा आकडा मी भिंगाने वाचला. तीनदा. कॉलिनकडून वाचून घेतला. मग पोस्टमास्तरांकडून. जुळतो. सोबत पाठवला आहे.

पोरीला सांग, माझ्यामुळे तिचा महिना गेला ह्याचं मला वाईट वाटतं.
नेटा


टुआटापेरे,
५ मे १९९४

ति. नेटाआजीस,
कर्स्टीचा सा. न. वि. वि.

आजीच्या बोटांना परत सूज आहे म्हणून मी लिहितेय. ती बाजूला बसून काय लिहायचं ते सांगतेय, पण मी तिचं सगळं लिहीत नाही.

बोल्ट बसला. दुकानातल्या आजोबांनी माप आत घातलं आणि ह्या वेळी तो अडला. ते हसले. त्यांना हसता येतं हे आजीला माहीत नव्हतं. तीस गोळ्या मारून झाल्या. पहिल्या दहा कुठे गेल्या ते फक्त कुरणाला माहीत. शेवटच्या दहांपैकी नऊ बशीएवढ्या जागेत. रॉसकाका म्हणाला, हं. त्याच्या हं-चा अर्थ आजीने मला समजावून सांगितला, पण तो पानभर आहे.

खांदा निळा झालाय. परवा बोट. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी ती दोरी बांधणार होते, हे आजीने सांगितलंच असेल. तुम्ही तसं करू दिलं असतं का?

आजी म्हणते, प्रेम असू द्यावे असं लिही. ते मी न सांगता लिहिणार होते.
कर्स्टी


टुआटापेरे,
मंगळवार, १७ मे १९९४

ति. नेटाताईस,
एफीचा शि. सा. न., आज दोनदा.

बोटं सुजली असली तरी हे मीच लिहिणार. शनिवारी ब्लफच्या धक्क्यावर तीन तास आधीच जाऊन बसले होते. वारा असा की मला दोघांनी धरून ठेवलं होतं. वेळ जावा म्हणून एक डझन ऑयस्टर खाल्ले. मग काळजीने आणखी अर्धा.

बोटीतून पहिला उतरला रॉस. हात रिकामे. मग उतरली आपली पोर. तोंडावर वेलींचे ओरखडे, मनगटं चावऱ्या माश्यांनी फोडून काढलेली, पाठीवरच्या पिशवीतून एक तंगडी बाहेर आलेली. धक्क्यावरचा एक शहाणा रॉसला म्हणतो, छान, कुठे मिळालं तुला? रॉस म्हणाला, मला काही नाही मिळालं. मी हिचा चहा करत होतो.

पाच दिवस ती एका झाडाखाली किनाऱ्याजवळ नुसती बसून होती. पाच दिवस पाऊस. पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणजे आपल्या काकूसारखं, दारात येतं, वास घेतं, निघून जातं. सहाव्या दिवशी सकाळी एक तरणं हरीण वाळूवर आलं, समुद्राचं शेवाळ खायला. ती म्हणते, आजी, श्वास इतका मोठा वाटत होता की त्यालाच ऐकू जाईल. एक गोळी. जागच्या जागी बसलं. मग ती म्हणे रडली थोडी, मग सुरी काढली, आणि सगळं स्वतः केलं. मी तिला विचारलं, बोल्ट कसा होता? तर म्हणते, आठवतच नाही. ताई, तो दुकानातला म्हातारा म्हणतो की जुन्या रायफलीबद्दल ह्याहून चांगलं काही बोलता येत नाही.

वॉटीच्या खुर्चीत बसून तिने मांस कापलं. चार वाटे केले. एक आईबापांचा, एक रॉसचा, एक आमचा. मागचा अख्खा पाय तिने फडक्यात बांधला, गोठवला आणि वर तुझं नाव लिहिलं. मी म्हटलं, अगं, तो सगळ्यात चांगला भाग. ती म्हणते, म्हणूनच.

त्याला चरबी नसते, तेव्हा वरून बेकन घाल आणि मंद आचेवर ठेव, घाई केलीस तर जोडा होईल. कॉलिनला दे. मागच्या दाराने हॅल्डेनलाही चार काप दे आणि सांग, ह्यात आवाज अजिबात नाही. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. फक्त मिसेस ऑगला, पण तिला ओअमारू कुठे आहे तेच माहीत नाही.

पाय गुरुवारच्या बसने निघतो आणि दुपारी दोनला तुझ्या गावच्या थांब्यावर पोचतो. हे पत्र तुला गुरुवारी सकाळच्या टपालात मिळेल. म्हणजे तू आत्ता हे वाचतेयस तेव्हा तो वाटेत आहे आणि वितळतोय. आमच्यावरची माया कोट घालता घालता आठव, बसून नको. ऊठ, ताई. चष्मा नंतर पूस.

तुझी
एफी